लांब जीभ आणि वारुळाचा बचाव

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण वर्गात सांगताना एक गोष्ट बहुधा राहून जाते. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते ते नागाने बांधलेले नसतेच, पण बहुतेक वेळा मुंग्यांनीही बांधलेले नसते. ते असते वाळवीचे. आणि वाळवी ही नात्याने मुंगीची कुणीच लागत नाही. मुंगी ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, तर वाळवी झुरळाच्या. दोघींमध्ये साम्य एवढेच, की दोघी मोठ्या वसाहती करून राहतात. एक राणी अंडी घालते आणि हजारो-लाखो कामकरी बाकीची सगळी कामे करतात.

एखाद्या भुकेल्या प्राण्याच्या नजरेने या वसाहतीकडे पाहू. लाखो मऊ, पौष्टिक किडे एकाच जागी, बारा महिने, पत्ता न बदलता राहतात. अस्वलाला ही जागा ठाऊक असते. त्याचे पंजे वारूळ फोडू शकतात. मग अस्वल एकदाच मांडी ठोकून बसून सगळे वारूळ फस्त का करत नाही? ते थोडे खाते आणि पुढे जाते. काही दिवसांनी वारूळ पुन्हा बांधून झालेले दिसते.

पाठ्यपुस्तकात 'अनुकूलन' शिकवताना आपण मुंगीखाऊची लांब जीभ, खवले मांजराची नखे यांची उदाहरणे देतो. ती खरी आहेत, पण गोष्ट तिथे अर्धीच होते. खाणाऱ्याची जीभ लांब होत गेली, तेव्हा खाल्ले जाणारे काय करत होते? या लेखात आपण तिकडून पाहणार आहोत. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न विचारणार आहोत. 'अमुक अवयव अमुक कामासाठी तयार झाला' असे विधान करायला आपल्याजवळ पुरावा काय असतो?

खाणारे कोण?

मुंग्या आणि वाळवी यांवर जगणारे सस्तन प्राणी जगाच्या जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. दक्षिण अमेरिकेत मोठा मुंगीखाऊ आणि झाडावर चढणारा त्याचा भाईबंद टमांडुआ. आफ्रिकेत जमीन उकरणारा आर्डवार्क आणि तरसाच्या कुळातला आर्डवुल्फ. ऑस्ट्रेलियात अंडी घालणारा काटेरी एकिडना आणि पट्टेरी अंगाचा नम्बॅट. आफ्रिका आणि आशियात खवले मांजरे; त्यांतले भारतीय खवले मांजर आपल्या कोकणात आणि सह्याद्रीतही आढळते. आपले अस्वल फळे आणि मधही खाते, पण वाळवी हा त्याच्या आहाराचा मोठा भाग आहे.

हे प्राणी एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. तरीही लांब चिकट जीभ, कमी झालेले किंवा नाहीसेच झालेले दात आणि मजबूत नखे हा संच त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसतो. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. सुमारे ४,००० सस्तन प्राण्यांच्या आहाराची माहिती एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या ६ कोटी ६० लाख वर्षांत केवळ मुंग्या-वाळवीवर जगण्याची रीत सस्तन प्राण्यांत किमान १२ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली. याच काळात मुंग्यांची आणि वाळवीची संख्याही प्रचंड वाढत गेली. मोठे ताट वाढलेले असले की जेवणारे येतातच.

आपल्या अस्वलाने हे काम थोड्या वेगळ्या हत्यारांनी साधले आहे. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन सुळकन दिसणारे पुढचे दात नसतात, त्यामुळे तिथे एक फट राहते. ओठ लांब आणि हलणारे असतात. नाकपुड्या मिटता येतात. वारुळाला भोक पाडून ते आधी फुंकर मारून माती उडवते आणि मग ओठांची नळी करून किडे ओढून घेते. हा आवाज शांत रानात शंभर मीटरच्याही पलीकडे ऐकू जातो.

करवंदाची जाळी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. अर्धे ताट टाकून हे प्राणी उठतात का?

आर्डवुल्फचा हिशेब करून पाहू. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांनाही जमेल. आठ-दहा किलो वजनाचा हा प्राणी एका रात्रीत ३ लाखांपर्यंत वाळवीचे किडे चाटून खातो. एक किडा ४ मिलिग्रॅमचा धरला तर रात्रीचे जेवण झाले १ किलो २०० ग्रॅम. तो रात्री सहा तास खातो असे धरले तर सेकंदाला सुमारे १४ किडे पोटात गेले पाहिजेत. एक किडा म्हणजे काहीच नाही. पोट भरते ते वेगामुळे. हा वेग जरा कमी झाला की सगळे गणित कोसळते.

म्हणून वाळवीला आर्डवुल्फला मारण्याची गरज नाही, पूर्ण हाकलून लावण्याचीही नाही. त्याचा खाण्याचा वेग कमी केला की पुरे.

मे महिन्यात करवंदे तोडायला गेलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जाळीच्या बाहेरच्या बाजूची करवंदे भराभर हाताला लागतात. मग हात काट्यांत घालावा लागतो. एकेक करवंद मिळवायला वेळ लागू लागतो, ओरखडे येऊ लागतात. जाळीत अजून भरपूर करवंदे असतात, तरी आपण पुढच्या जाळीकडे वळतो. काट्यांनी आपल्याला उपाशी ठेवले नाही. फक्त 'इथे थांबण्यापेक्षा तिकडे जाणे बरे' हा क्षण लवकर आणला. एरिक चार्नॉव्ह या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ही गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. एका जागी मिळकतीचा वेग आजूबाजूच्या सरासरीपेक्षा खाली गेला की प्राण्याने तिथून निघावे, असे ते गणित सांगते.

वारुळाचे सैनिक म्हणजे हे करवंदीचे काटे. फरक एवढाच, की हे काटे स्वतः चालत येतात.

आर्डवुल्फ मुख्यतः ज्या वाळवीवर जगतो ती रात्री गवत कापायला जमिनीवर उघड्यावर येते. हल्ला होताच कामकरी बिळांकडे पळतात आणि सैनिक मात्र जागेवर राहतात. त्यामुळे आर्डवुल्फच्या प्रत्येक चाटण्यात कामकरी कमी आणि सैनिक जास्त येऊ लागतात. या सैनिकांच्या डोक्याला पुढे चोचीसारखी नळी असते. तिच्यातून ते टर्पीन वर्गातली चिकट, उग्र रसायने फेकतात. रंगकामात वापरल्या जाणाऱ्या टर्पेंटाइनचा वास आठवा, म्हणजे कल्पना येईल. इतर बहुतेक प्राणी या वाळवीच्या वाटेला फारसे जात नाहीत. आर्डवुल्फला ही रसायने बरीच सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. सैनिकांचे प्रमाण वाढले की तो दुसरीकडे जातो.

मोठ्या मुंगीखाऊचेही असेच. त्याची जीभ सुमारे ६० सेंटिमीटर लांब आहे आणि मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर होऊ शकते. तरीही एका वारुळावर तो अनेकदा एखाद-दुसरे मिनिटच थांबतो. दिवसाकाठी हजारो किडे मिळवायला त्याला अनेक वारुळे फिरावी लागतात. टमांडुआ आणि चोचीचे सैनिक असलेली झाडावरची वाळवी यांच्यातल्या झटापटींचा पनामात अभ्यास झाला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही सैनिकांच्या रसायनांपुढे टमांडुआला खाणे आटोपते घ्यावे लागते, असे दिसले.

वसाहतीच्या दृष्टीने हा सौदा परवडणारा असतो. कामकरी ही झाडाची पाने, राणी हे मूळ. शेळीने पाला ओरबाडला तरी मूळ शाबूत असले की झाड पुन्हा फुटते. राणी वारुळाच्या आत, जाड भिंतींच्या कोठडीत असते. शत्रू तिथवर पोचण्याआधी कंटाळून निघून गेला, की काही दिवसांत गमावलेले कामकरी भरून निघतात.

बचावाच्या तऱ्हा

शत्रूचा वेळ वाया घालवायचा, हे एकदा लक्षात आले की वारुळातल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागू लागतो.

पहिली तटबंदी भिंतीची. माती आणि लाळ यांनी बांधलेली वारुळाची भिंत वाळल्यावर इतकी टणक होते की कुदळीलाही दाद देत नाही. नम्बॅट तर अशी भिंत फोडूच शकत नाही. वाळवी जमिनीखालच्या उथळ बोगद्यांत येईल त्या वेळेची त्याला वाट पाहावी लागते. म्हणून त्याच्या जेवणाच्या वेळा वाळवीच्या वेळापत्रकावर ठरतात.

दुसरी गोष्ट धोक्याच्या सूचनेची. आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या वाळवीच्या गटातले सैनिक धोका जाणवताच डोके जमिनीवर वेगाने आपटतात. त्याची कंपने पुढच्या सैनिकांना जाणवतात आणि तेही डोके आपटू लागतात. गावात एका देवळातला नगारा ऐकून पुढच्या वाडीत नगारा वाजावा, तशी ही बातमी बोगद्यांमधून पुढे जाते. एका सैनिकाच्या कंपनाला जेवढे अंतर तोडता आले नसते तेवढे ते साखळीने तोडतात. कामकरी आत वळतात, सैनिक भगदाडाकडे येतात.

तिसरी गोष्ट सैनिकांच्या संख्येची. मोठे जबडे असलेल्या काही जातींत शंभर किड्यांमागे सैनिक थोडेच असतात. चोचीच्या सैनिकांच्या गटात मात्र हे प्रमाण पंधरा-वीस किंवा त्याहूनही जास्त असू शकते. सैनिक स्वतः खाऊ शकत नाहीत, कामकरी त्यांना भरवतात. म्हणजे इतके सैनिक पोसणे हा वसाहतीवर मोठा बोजा आहे. तो उचलला जातो याचाच अर्थ बचावाची किंमत वसूल होत असली पाहिजे.

मुंग्यांचे मार्ग आणखी वेगळे. ओंबील मुंग्या चावतात आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडतात. काही मुंग्या डंख मारतात. काही केवळ संख्येने अंगावर धावून येतात. ऑस्ट्रेलियात मांसमुंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंग्यांना नांगी नसते, पण त्या थव्याने चावे घेतात. एकिडना त्यांच्या वारुळांवर हल्ला करतो तो मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे तिथला हिवाळा सरतानाच्या आणि वसंताच्या दिवसांत. त्या वेळी नवजात राण्या चरबीने भरलेल्या असतात आणि वारुळाच्या वरच्या भागात असतात. गारठ्यामुळे मुंग्याही मंदावलेल्या असतात. म्हणजे बक्षीस मोठे आणि काटे बोथट. उरलेल्या वर्षात तो या वारुळांच्या वाटेला फारसा जात नाही.

हा बचाव नेमका कुणाविरुद्ध?

इथे आपण थोडे थांबले पाहिजे. सैनिकांमुळे मुंगीखाऊ निघून जातो हे खरे. पण म्हणून सैनिक मुंगीखाऊसाठीच निर्माण झाले, असे म्हणता येईल का? छत्रीने कुत्रा हाकलता येतो. म्हणून छत्री कुत्र्यासाठी शोधली गेली असे होत नाही.

वाळवीच्या बाबतीत हा इशारा फार महत्त्वाचा आहे. वाळवीचा सर्वांत मोठा शत्रू सस्तन प्राणी नसून मुंगी आहे. शिवाय म्यानमारमध्ये सापडलेल्या सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या राळेच्या खड्यांत वाळवीचे सैनिक जीवाश्मरूपात मिळाले आहेत. तेव्हा आजचे मुंगीखाऊ, खवले मांजर किंवा अस्वल यांचे पूर्वज या धंद्यात नव्हते. म्हणजे सैनिक ही सोय जुनी आहे. सस्तन प्राण्यांनी ती निर्माण केली नाही. फार तर त्यांनी तिला पुढे वळण दिले असेल. सैनिकांचे प्रमाण, रसायनांची तीव्रता, भिंतीची जाडी अशा गोष्टींत त्यांचा वाटा शोधावा लागेल, आणि तो मुंग्यांच्या वाट्यापासून वेगळा काढणे सोपे नाही.

मग सस्तन किंवा निदान पाठीचा कणा असलेल्या शत्रूचा स्पष्ट ठसा कुठे सापडतो? तो मुंग्यांच्या विषात सापडतो. यामागचा तर्क साधा आहे. एखादे विष कीटकांवर जवळजवळ परिणाम करत नसेल आणि सस्तन प्राण्याला मात्र असह्य वेदना देत असेल, तर ते भक्ष्य मारण्यासाठी किंवा दुसऱ्या मुंग्यांशी लढण्यासाठी तयार झाले, असे म्हणणे अवघड होते.

अमेरिकेतल्या धान्य वेचणाऱ्या एका मुंगीचे विष उंदरांवर तपासले, तेव्हा ते माहीत असलेल्या कीटकविषांत सर्वांत जहाल ठरले. कीटकांवर मात्र अशा विषाचा प्रभाव खूपच कमी असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काही मुंग्यांच्या विषातले वेदना देणारे घटक पृष्ठवंशी प्राण्यांच्या मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्यांवरच काम करतात, असे आढळले.

सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या लाल बुलडॉग मुंगीचा आहे. तिच्या विषातल्या एका प्रमुख घटकाची रचना सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या एका वाढ-संप्रेरकासारखी आहे, असे २०२२ मध्ये दाखवण्यात आले. हा घटक शरीरातल्या त्या संप्रेरकाच्याच कुलपात किल्लीसारखा बसतो. उंदराच्या पंजात तो टोचला तेव्हा पंजा दीर्घकाळ हुळहुळा राहिला. साधा स्पर्शही सोसेनासा झाला. डंखाची पहिली कळ ओसरते, पण हुळहुळेपण मागे उरते. मुंगीला स्वतःला या संप्रेरकाच्या नकलेचा दुसरा काय उपयोग असणार? वारूळ उकरणाऱ्या, रक्तामांसाच्या, लक्षात ठेवू शकणाऱ्या शत्रूसाठीच ही किल्ली घडली असावी. ऑस्ट्रेलियात असे शत्रू आहेत, आणि एकिडना त्यांपैकी एक आहे.

तरीही 'असावी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. धान्य वेचणाऱ्या अमेरिकन मुंगीचा एक पक्का शत्रू सस्तन नाही, तर शिंगाळ सरडा आहे; त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करण्याची ताकद असते. म्हणजे 'पाठीचा कणा असलेला शत्रू' इथपर्यंत पुरावा भक्कम आहे. त्यातला नेमका कोण, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

शत्रू बदलतो तेव्हा

कुठलाही बचाव सर्व शत्रूंवर सारखा चालत नाही. टांझानियातल्या गोम्बे इथे १९६० मध्ये जेन गुडाल यांनी चिंपांझींना वाळवी 'गळाला लावताना' पाहिले. चिंपांझी गवताची काडी वारुळाच्या भोकात सरकवतो. आतले सैनिक तिला कडकडून चावतात आणि सोडत नाहीत. चिंपांझी काडी अलगद बाहेर ओढतो आणि सैनिक ओठांनी टिपून खातो. मुंगीला धरून ठेवण्यासाठी उत्तम असलेली सैनिकाची पकड इथे त्याच्याच मुळावर येते.

खवले मांजराची गोष्टही अशीच आहे, फक्त ती अधिक दुःखाची आहे. वाळवीचे चावे त्याने जवळजवळ निरुपयोगी केले आहेत. अंगावर खवले, मिटणाऱ्या नाकपुड्या, जाड पापण्या. बिबट्या आला तर ते अंगाचे वेटोळे करते आणि बिबट्याचे दात खवल्यांवर घसरतात. पण माणूस आला तरी ते तेच करते. माणूस ते वेटोळे उचलून पोत्यात टाकतो. लाखो वर्षे उपयोगी पडलेला बचाव शिकाऱ्याचे काम सोपे करून ठेवतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याला स्थान आहे. खवले मांजरांच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणात त्याच्या संरक्षणासाठी गावकऱ्यांबरोबर काम करत आली आहे. कायदा आणि गावकरी यांच्याशिवाय या प्राण्याजवळ माणसाविरुद्ध दुसरा बचाव नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

पावसाळ्यानंतर आंबा, बाभूळ, साग यांच्या खोडांवर वाळवीने चढवलेले मातीचे पापुद्रे सहज सापडतात. त्यासाठी वारूळ फोडण्याची गरज नाही आणि ते फोडूही नये. मुलांचे चार-चार जणांचे गट करावेत. काडीने आगपेटीच्या काडेपेटीएवढा पापुद्रा अलगद काढावा. एकाने घड्याळ धरावे, दोघांनी भिंगातून पाहावे, एकाने नोंदी कराव्यात.

पापुद्रा काढल्यापासून कामकरी दिसेनासे व्हायला किती सेकंद लागले? पहिला सैनिक केव्हा दिसला? सैनिकांचे डोके मोठे आणि पिवळसर-तपकिरी असते, त्यामुळे ते ओळखता येतात. दर मिनिटाला दिसणाऱ्या किड्यांत सैनिक किती आणि कामकरी किती? डागडुजी केव्हा सुरू झाली आणि तेव्हा सैनिक कुठे उभे होते? सकाळी आणि दुपारी, सावलीच्या आणि उन्हाच्या बाजूला हे आकडे बदलतात का, तेही पाहावे. मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढावा. वेळ आडव्या अक्षावर, सैनिकांचे शेकडा प्रमाण उभ्या अक्षावर.

आलेख तयार झाला की मुलांना एकच प्रश्न विचारावा. तुम्ही अस्वल असता, तर या आलेखावरच्या कोणत्या मिनिटाला उठून पुढच्या वारुळाकडे निघाला असता? उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येकाने आपल्या उत्तरामागचे कारण आलेखावर बोट ठेवून सांगायला हवे, एवढीच अट घालावी.